ओपीडीच्या रांगेतली झोपेची गोळी

प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘मला नैराश्य आलंय’ म्हणणारा रुग्ण क्वचितच येतो. झोप लागत नाही, अंग दुखतं, छातीत धडधडतं, असं तो सांगतो. मागे रांग खोळंबलेली. मग केसपेपरवर व्हिटॅमिन, टॉनिक आणि झोपेची गोळी लिहून मोकळं होणं सोपं.

ही गोळी बहुधा डायझेपाम किंवा अल्प्राझोलामची. मेंदूतल्या चेतापेशींची उत्तेजना ‘गाबा’ नावाचं रसायन आवरतं. गोळी त्याचा जोर वाढवते. पहिल्या रात्री झोप लागते, यात खोटं काही नाही. पण काही आठवडे रोज घेतली की मेंदू तिला सरावतो. मग ती एकदम थांबवली की धडधड, बेचैनी, निद्रानाश उसळतो. मूळ तक्रारीही याच! दुखणं उलटलं असं रुग्णाला वाटतं, डॉक्टरलाही वाटू शकतं, आणि गोळी पुन्हा सुरू होते. (सवय लागलेल्यांनी ती मनानेच बंद करू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखाली डोस हळूहळू उतरवावा लागतो.)

नैराश्यावरच्या औषधांना मात्र याच माळेत ओवू नये. गोव्यातल्या एका चाचणीत फ्लुओक्सेटिन दोन महिन्यांनी सरस ठरलं होतं आणि समुपदेशन औषधविरहित गोळीच्या पुढे गेलं नव्हतं. हे 2003 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्थेचे सहकारी तरीही बोलण्याच्या उपचारावर काम करत राहिले, हे मला विशेष वाटतं.

‘लॅन्सेट’मध्येच 2017 साली आलेल्या चाचणीत त्यांनी गोव्यातल्या 10 आरोग्य केंद्रांतले तीव्र नैराश्याचे 495 रुग्ण घेतले. समुपदेशक होते मानसोपचाराची पदवी नसलेली, त्याच कामासाठी तयार केलेली माणसं. सहा ते आठ बैठका, प्रत्येक साधारण अर्ध्या तासाची. सुटलेली कामं, तुटलेल्या गाठीभेटी एकेक करून पुन्हा सुरू करायच्या, एवढंच सूत्र. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटातल्या 64 टक्के रुग्णांचं नैराश्य ओसरलं, ते न मिळालेल्या दुसऱ्या गटात 39 टक्क्यांचं. त्या दुसऱ्या गटातही निदान लपलेलं नव्हतं: कोणाला नैराश्य आहे आणि काय करावं, हे डॉक्टरांना कळवलेलं होतं.