विश्लेषण : एका चित्रपटामुळे जपानमध्ये वेश्याव्यवसायावर बंदी आली?

केंजी मिझोगुची यांचा ‘अकासेन चिताई’ हा चित्रपट १८ मार्च १९५६ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला. २१ मे रोजी जपानच्या संसदेने वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा मंजूर केला आणि २४ ऑगस्टला मिझोगुचींचे ल्युकेमियाने निधन झाले. या तीन तारखा एवढ्या जवळ आल्यामुळे या चित्रपटानेच कायदा घडवला, असे तेव्हापासून सांगितले जाते. ते कितपत खरे? आणि कायदा झाला, तरी चित्रपटातल्या बायकांचा प्रश्न सुटला का?

‘अकासेन’ म्हणजे काय?

शब्दशः लाल रेघ. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानवर अमेरिकी लष्कराचा ताबा होता. जानेवारी १९४६ मध्ये लष्करी प्रशासनाने परवानाधारक वेश्याव्यवसाय रद्द करायला लावला. पण ठरावीक वस्त्यांमध्ये तो चालू देण्यात आला. घरांवरच्या पाट्या बदलल्या, मालक तेच राहिले. पोलिसांच्या नकाशावर या वस्त्यांभोवती लाल रेघ असे, म्हणून त्यांना हे नाव. टोकियोतील योशिवारा ही त्यातली सर्वात जुनी आणि प्रसिद्ध वस्ती. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला शोगुनच्या परवानगीने ती वसली आणि १६५७ च्या मोठ्या आगीनंतर असाकुसाजवळ हलवली गेली. चित्रपटातला ‘ड्रीमलँड’ हा कुंटणखाना याच योशिवारातला.

चित्रपटाची गोष्ट काय?

खरे तर एक अशी गोष्ट नाहीच. एका छपराखाली राहणाऱ्या पाच बायका आहेत आणि प्रत्येकीचा हिशेब वेगळा आहे. हानाए चष्मा लावणारी, थकलेली. नवरा क्षयाने आजारी आणि बेकार, पदरी तान्हे मूल. युमेको विधवा, मुलगा सासरी गावाकडे वाढतो आणि त्याच्यासाठी ती पैसे पाठवत राहते. यासुमीचे वडील तुरुंगात, त्यांना सोडवण्यासाठी पैसा हवा म्हणून ती इथे आली. योरिए लग्न करून सुटण्याची वाट पाहते आहे. पाचवी मिकी. ही भूमिका ‘राशोमोन’मुळे जगाला माहीत झालेल्या माचिको क्यो यांनी केली आहे. मिकी गरिबीमुळे आलेली नाही. कोबेतल्या सुखवस्तू घरातून, बाहेरख्याली बापाच्या रागाने ती निघून आली आहे. बाप तिला परत न्यायला येतो तो घराच्या अब्रूसाठी. आई वारली आणि बापाने दुसरे लग्नही जमवले, हे कळल्यावर ती त्याला गिऱ्हाईक होण्याचेच आमंत्रण देते. चित्रपटातला हा सर्वात बोचरा प्रसंग.

या बायकांना बांधून ठेवणारी गोष्ट कोणती? कुलूप नाही, पहारेकरीही नाही. बांधून ठेवते ती उचल. ऊसतोड कामगाराच्या उचलीसारखीच ही रचना. आधी रक्कम हातात, मग कपडे, अंथरूण-पांघरूण, जेवण यांचा खर्च त्यावर चढत जातो आणि फेडायचे ते शरीर वापरून. ऑक्टोबर १९५५ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा कामाला जोडलेली उचल वसूल करता येणार नाही, असा निकाल दिला होता. पण कागदावरचे कर्ज रद्द झाले, तरी घरी आजारी नवरा असतोच. आपल्याला मुलाचे दूध परवडत नाही, तर हा देश सुसंस्कृत कसला, असा प्रश्न हानाए विचारते.

योरिएला मैत्रिणी भेटवस्तू देऊन निरोप देतात आणि काही दिवसांत ती परत येते. नवऱ्याला बायको नको होती, फुकट राबणारी हवी होती. इथे निदान पैसे तरी मिळतात. युमेकोचा मुलगा मोठा होऊन टोकियोतल्या कारखान्यात लागतो आणि आईला झिडकारतो. तिचे मन ते सोसू शकत नाही, ती वेडी होते. या साऱ्यांत एकटी यासुमी सुटते, तीही दुसऱ्यांच्या जिवावर. ती सोबतच्या मुलींना व्याजाने पैसे देते, लग्नाचे आमिष दाखवून एका गिऱ्हाइकाकडून पैसे उकळते. तो कंपनीच्या पैशांवर हात मारतो आणि शेवटी तिचा गळा आवळतो. ती वाचते. तिच्यापायी दिवाळे निघालेल्या गादीवाल्याचे दुकान ती घेते आणि ‘ड्रीमलँड’लाच माल पुरवू लागते. मिझोगुची तिला ना दोष देतात, ना शाबासकी.

मालकाचे भाषण का महत्त्वाचे?

चित्रपटभर रेडिओवर बंदी विधेयकाच्या बातम्या येत राहतात आणि कुंटणखान्याचा मालक बायकांना जमवून भाषण ठोकतो. सरकार तुमच्यासाठी काही करत नाही. जागा, जेवण, काम आम्ही देतो. खरे समाजसेवक आम्हीच, असा त्याचा सूर. विधेयक बारगळल्यावर तो पुन्हा तेच बोलतो. ऐकणाऱ्याला राग येतो तो मालक खोटे बोलतो म्हणून नव्हे. सरकारबद्दलचे त्याचे अर्धे म्हणणे खरे आहे, म्हणून.

मग कायदा चित्रपटामुळे झाला का?

मोठे श्रेय अन्यत्र जाते. १९४६ मध्ये जपानी स्त्रियांनी प्रथम मतदान केले आणि ३९ स्त्रिया संसदेत आल्या. पहिले बंदी विधेयक १९४८ मध्ये पडले. नंतर इचिकावा फुसाए, कामिचिका इचिको यांच्यासारख्या महिला खासदारांनी पक्षभेद बाजूला ठेवून ते पुन्हा पुन्हा आणले. १९५५ मध्येही ते फेटाळले गेले. चित्रपटातल्या रेडिओच्या बातम्यांना हीच पार्श्वभूमी आहे. जुलै १९५६ मध्ये वरिष्ठ सभागृहाची निवडणूक होती आणि महिला मतदारांना दुखावणे सत्ताधाऱ्यांना परवडणारे नव्हते. कुंटणखाना मालकांची राष्ट्रीय संघटनाही गप्प नव्हती. विधेयक रोखण्यासाठी खासदारांना लाच दिल्याचे प्रकरण १९५७ मध्ये बाहेर आले आणि अटकाही झाल्या. चित्रपटाने मत तयार व्हायला हातभार लावला, इतकेच म्हणता येईल. मिझोगुचींना मात्र हा विषय नवा नव्हता. त्यांच्या वडिलांचा धंदा बुडाल्यावर बहीण सुझूला दत्तक म्हणून देण्यात आले आणि ती पुढे गेशा झाली. ‘विमेन ऑफ द नाइट’ (१९४८) आणि ‘लाइफ ऑफ ओहारू’ (१९५२) हे त्यांचे चित्रपटही याच वाटेवरच्या बायकांचे.

कायद्यात नेमके काय आहे?

वेश्याव्यवसाय करू नये आणि त्याचे गिऱ्हाईकही होऊ नये, असे कायदा म्हणतो. पण या दोन्हींना शिक्षा नाही. शिक्षा आहे ती दलाली, जागा पुरवणे, उचल देऊन बांधून घेणे आणि रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणे यांना. त्यामुळे रस्त्यावर पकडली जाते ती बाई, पैसे मोजणारा नाही. बोलावण्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिक्षेची कलमे १ एप्रिल १९५८ पासून लागू झाली आणि लाल रेघा पुसल्या गेल्या. योशिवारातली घरे मात्र हळूहळू ‘तुर्की स्नानगृहे’ झाली. तुर्कस्तानच्या एका विद्यार्थ्याने आक्षेप घेतल्यावर १९८४ मध्ये ते नाव बदलून ‘सोपलँड’ करण्यात आले. ती आजही तिथे आहेत.

भारतात याच सुमारास...

१९४९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार भारतानेही १९५६ मध्येच ‘सीता’ नावाने ओळखला गेलेला कायदा केला आणि तो १ मे १९५८ पासून लागू झाला. १९८६ च्या दुरुस्तीनंतर तो ‘पीटा’ झाला. कामाठीपुरा असो वा पुण्याची बुधवार पेठ, छापे पडतात ते याच कायद्याखाली. इथेही देहविक्रय हा स्वतः गुन्हा नाही, गुन्हा आहे तो कुंटणखाना चालवणे आणि जाहीरपणे बोलावणे. बोलावणारी स्त्री असेल तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पुरुष असेल तर जास्तीत जास्त तीन महिने. शिवाय वेश्याव्यवसायाच्या कमाईवर जगणारी १८ वर्षांवरील कोणतीही व्यक्ती गुन्हेगार ठरू शकते. म्हणजे युमेको इथली असती, तर तिच्या पैशांवर शिकणारा मोठा मुलगाही कचाट्यात सापडू शकला असता. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या स्त्रियांना सन्मानाने वागवण्याचे निर्देश पोलिसांना दिले. त्या मागे राहिलेला कायदा तोच आहे.

जपानमध्ये बदल झाला तो त्याच महिन्यात. अडचणीत सापडलेल्या स्त्रियांना आधार देणारा स्वतंत्र कायदा मे २०२२ मध्ये संमत होऊन एप्रिल २०२४ पासून लागू झाला. पकडलेल्या बायकांना ‘सुधारण्यासाठी’ डांबणारी गृहे त्याने रद्द केली. रस्त्यावर बोलावण्याबद्दल शिक्षा देणारे कलम मात्र शिल्लक राहिले.

चित्रपटाच्या शेवटी याच कलमात बसेल असे दृश्य आहे. खाणीत जखमी झालेल्या कामगाराची मुलगी शिझुको आजवर ‘ड्रीमलँड’मध्ये वरकाम करत होती. मालकीण तिच्या तोंडाला पांढरा रंग लावून तिला दारात उभी करते. बाकीच्या बायका गिऱ्हाइकांना ओढत असतात. ती खांबाआड अर्धी लपते, एक डोळा बाहेर काढते आणि हाताने हळूच खूण करते.