अठरा वर्षांचा मुलगा, पुण्याची जुनी गाडी आणि बापाचे दुकान

चौसाळ्याच्या लोकांना गाड्यांची ओळख करून देण्याची गरज नाही. सोलापूर-धुळे हा महामार्ग, पूर्वीचा क्रमांक २११ आणि आताचा ५२, याच भागातून बीडकडे जातो. मांजरसुंब्याच्या घाटातून आणि येरमाळ्याकडून आलेली हरतऱ्हेची गाडी येथील मुले लहानपणापासून पाहतात. रस्ता चौपदरी झाला, वेग वाढला आणि वेगाबरोबर हौसही वाढली. वेल्डिंग, डेंटिंग-पेंटिंग, सीट कव्हर, बॅटरी, टायर या कामांत आपल्या समाजाचे पुष्कळ कारागीर आहेत, त्यामुळे ही हौस आपल्या घरात जरा लवकरच शिरते. बाप गाडी दुरुस्त करतो आणि मुलगा ती चालवण्याचे स्वप्न पाहतो.

अशाच एका शटर-ग्रील बनवणाऱ्या बांधवाने जुम्याच्या नमाजनंतर आम्हाला गाठले. मुलाला नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झालेली. पुण्याला २०१४ सालची पोलो जीटी साडेतीन लाखांना मिळते म्हणून तो हटून बसला होता. "अब्बा, ऐसी गाडी फिर नै मिलती," हे त्याचे एकच पालुपद. बापाचे प्रश्न दोन होते. गाडी मुलाच्या नावावर घ्यावी की आपल्या? आणि मुलगा एवढा लहान, गाडी एवढी पळणारी, तर विम्याचा हप्ता फार बसेल का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण त्याचे उत्तर ऐकून ते बांधव खूश झाले आणि तेथेच आमची काळजी वाढली.

पोलो ही चाकणच्या कारखान्यात बनलेली गाडी. तिचे जीटी टीएसआय हे मॉडेल २०१३ मध्ये आले. इंजिन ११९७ सीसीचे, पण टर्बोमुळे ताकद १०५ अश्वशक्तीची. २०२२ मध्ये पोलो भारतात बंद झाली आणि तेव्हापासून जुन्या जीटीला शौकिनांत वेगळाच मान आला. रांजणगावला बनलेली फियाटची पुंटो अबार्थ, विंचवाचे चिन्ह असलेली, ही याच जातीची. १३६८ सीसी आणि १४५ अश्वशक्ती. लाखो रुपयांच्या परदेशी स्पोर्ट्स कार आपल्या गल्लीत येत नाहीत. आपल्या मुलांची स्पोर्ट्स कार म्हणजे ही.

आता हप्ता. त्रयस्थ व्यक्तीचा विमा, ज्याला सगळे थर्ड पार्टी म्हणतात, तो मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे सक्तीचा आहे. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये लागतात. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून सुमारे ४,०३१ रुपये होतात. ८३ अश्वशक्तीच्या आसपासची साधी स्विफ्ट, १०५ ची पोलो आणि १४५ ची अबार्थ, तिघींना हप्ता एकच. दरपत्रक सीसी पाहते, ताकद पाहत नाही. चालवणाऱ्याचे वय तर मुळीच पाहत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्तासुद्धा प्रामुख्याने गाडीची किंमत, गाडीचे वय, सीसी आणि विभाग यांवर ठरतो. पुणे 'अ' विभागात येते आणि बीड 'ब' विभागात, म्हणजे आपल्याकडे थोडा कमीच.

विलायतेत तसे नाही. तेथे सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने पळणारी गाडी घ्यायची म्हटली की विम्याचा हप्ता कित्येकदा त्या जुन्या गाडीच्या किमतीला जाऊन भिडतो. तो आकडा ऐकूनच मुलगा छोट्या गाडीवर समाधान मानतो. आपल्याकडे विमा वयाला किंमत लावत नाही, अट लावतो. किंमत दुकानात कळते, अट अपघातानंतर.

अट अशी, की चालवणाऱ्याकडे त्या गाडीचे वैध लायसन्स हवे. लर्निंग लायसन्स असेल तर शेजारी पक्के लायसन्स असलेला माणूस आणि गाडीवर 'एल' हवा. शिवाय गाडीची कागदपत्रे धड हवीत. हे नसेल तर काय होते, त्याचा हिशेब आम्ही त्या बांधवांना वहीच्या पाठकोऱ्या पानावर करून दाखवला.

समजा, मुलाच्या हातून रस्त्यावर एक गवंडी दगावला. वय ३०, महिन्याची कमाई १५,०००, मागे बायको, दोन मुले आणि आई. अल्लाह अशी वेळ कोणावर न आणो, पण हिशेब समजला पाहिजे. वर्षाची कमाई १,८०,०००. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाप्रमाणे चाळीस वर्षांखालील स्वतंत्र काम करणाऱ्याची पुढील वाढ म्हणून ४० टक्के मिळवायचे, म्हणजे २,५२,०००. चार जण अवलंबून असल्याने त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, राहिले १,८९,०००. या वयाला गुणक १७. झाले ३२,१३,०००. अंत्यविधी वगैरेंची रक्कम आणि व्याज वेगळे. मृत्यू आणि दुखापतीच्या भरपाईला थर्ड पार्टी विम्यात मर्यादा नाही, म्हणून चार हजारांचा कागद धड असेल तर हे सगळे कंपनी भरते. लायसन्सची अट मोडलेली असेल तर २००४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे न्यायाधिकरण बहुधा कंपनीला आधी भरायला लावते, कारण मयताच्या घरच्यांचा त्यात दोष नसतो. मग कंपनी ती रक्कम मालकाकडून वसूल करते, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी. विमाच नसेल तर मधला टप्पाही नाही. बत्तीस लाख म्हणजे त्या बांधवांचे वर्कशॉप, मशीन, राहते घर आणि वर आणखी काही. ते बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले.

मुलगा अठराच्या आतला असेल तर गोष्ट आणखी कठीण. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९९-अ आले. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. "मला माहीतच नव्हते" हे बापालाच सिद्ध करावे लागते. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्श गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर ठार झाल्याचे प्रकरण सर्वांनी वाचले आहे. त्यातला एक तपशील व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. गाडी कोट्यवधींची, पण बंगळुरूच्या तात्पुरत्या नोंदणीवर आलेली, आणि पुण्याच्या आरटीओत कायम नोंदणीचे १,७५८ रुपये भरायचे राहून गेलेले.

आपल्याकडे पैसे राहत नाहीत, कागद राहतो. जुन्या गाडीच्या बाजारात सह्या केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३० हातात देऊन "नावावर नंतर करून घ्या" म्हणण्याची पद्धत रुळलेली आहे. गाडी दोन-तीन हातांतून जाते, आरसीवर मात्र पहिलाच मालक. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. पुण्याची एमएच-१२ गाडी बीडच्या एमएच-२३ कडे आणायची तर मूळ आरटीओची एनओसी, फॉर्म २८, आधी हवी. गाडीवर कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र आल्याशिवाय बयाणासुद्धा देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरलाही आरटीओकडून अधिकृत होण्याचा नियम आला आहे, तो कागद मागायला लाजू नये.

आपली जुनी व्हॅन किंवा टेम्पो विकणाऱ्या बांधवांसाठीही येथेच एक सूचना. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गाडी कितीही वेळा विकली गेली असली तरी नोंदणीत ज्याचे नाव, तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. सात वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीची नोटीस तुमच्या दुकानावर येऊ शकते.

विम्याच्या कागदाचेही तसेच. कलम १५७ प्रमाणे गाडी विकली की थर्ड पार्टी संरक्षण आपोआप नव्या मालकाकडे जाते, पण १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो. स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण मात्र आपोआप जात नाही, हे १९९५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. जुन्या मालकाने पाच वर्षे दावा न करून मिळवलेली ५० टक्के सूट ही त्याची आहे, गाडीची नव्हे. त्याच्याच नावावर आणि त्याच्याच सूटीत पॉलिसी चालू ठेवली तर बंपर ठोकल्यावर कंपनी हात वर करते. आणि डेंटिंगवाल्यांना हे ठाऊकच असेल, की दहा वर्षांवरच्या गाडीला लोखंडी भागांचेही अर्धेच पैसे मिळतात, प्लास्टिक-रबराचेही अर्धेच. मालक तुमच्याशी बिलावरून भांडतो तेव्हा चूक तुमची नसते.

विमा जायज आहे का, असेही त्या बांधवांनी दबक्या आवाजात विचारले. आम्ही मुफ्ती नाही. एवढे सांगता येईल, की जो विमा सरकारने सक्तीचा केला आहे तो घेण्याची मुभा बहुतेक उलेमा देतात. स्वतःच्या गाडीच्या ऐच्छिक विम्याबद्दल मतभेद आहेत आणि ते आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावे. पण दुसरी बाजूही विसरता येत नाही. चुकून झालेल्या हत्येची दियत मयताच्या वारसांना द्यायची, हा हुकूम सूरह निसात आहे. ती एकट्यावर पडू नये म्हणून फिकहमध्ये आकिला, म्हणजे त्याची जमात, हा भार वाटून घेत असे. आज चौसाळ्यात आपली अशी कोणती आकिला आहे, जी बत्तीस लाख वाटून घेईल?

गॅरेजवाल्या मुलांशीही थोडे बोलायला हवे. आवाजाचा सायलेन्सर, इंजिनच्या कॉम्प्युटरची छेडछाड, रुंद टायर, ही कामे या गाड्यांवर हमखास येतात आणि त्यांत मजुरीही बरी मिळते. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, हे जानेवारी २०१९ च्या निकालाने पक्के झाले आहे. दर बदलामागे मालकाला ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि अपघातानंतर सर्व्हेअर पहिल्यांदा हेच शोधतो. गाडी बघायला जाताना मात्र याच मुलांपैकी जाणता मिस्त्री बरोबर न्यावा. जीटीच्या सात गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला मेकॅट्रॉनिक नावाचा भाग बिघडला तर स्वस्तात घेतलेली गाडी महागात पडते. अबार्थचे सुटे भाग मिळवणे हा तर स्वतंत्र धंदाच होऊन बसला आहे. २०१४ ची नोंदणी २०२९ मध्ये पंधरा वर्षांची होईल, तेव्हाचा पुनर्नोंदणीचा खर्चही आजच धरावा.

राहिला पहिला प्रश्न, नाव कोणाचे. जो चालवणार त्याच्याच नावावर आरसी आणि त्याच्याच नावावर पॉलिसी, हे सर्वांत सरळ. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा मालकाकडे वैध लायसन्स असेल तरच लागू होतो. त्या बांधवांकडे मोटारीचे लायसन्स नव्हतेच, मोटारसायकलचे होते. गाडी त्यांच्या नावावर आणि चालवणार मुलगा, म्हणजे अपघात झाला तर जबाबदारी बापाची आणि हे संरक्षण दोघांनाही नाही.

त्यांनी आमच्यासमोरच पुण्याला फोन लावला आणि एनओसी मागितली. पलीकडून उत्तर आले, की गाडीवर अजून थोडे कर्ज आहे, पण तुम्ही पैसे टाका, पुढचे आम्ही बघतो. त्यांनी फोन ठेवला. मुलगा दोन दिवस जेवला नाही, असे नंतर कळले. तिसऱ्या दिवशी तो लर्निंग लायसन्सचा फॉर्म भरायला गेला. पक्क्या लायसन्सची परीक्षा तीस दिवसांनंतरच देता येते, आणि तोपर्यंत तो बापाच्या वर्कशॉपमध्ये शटरच्या पट्ट्या कापतो आहे.