वाढत्या पाचोऱ्याला काय हवे, हे कोणाला विचारायचे?

२००१ च्या जनगणनेत पाचोरा शहराची लोकसंख्या ४५,३३३ होती. २०११ मध्ये ती ५९,६०९ झाली. म्हणजे दहा वर्षांत ३१ टक्क्यांहून अधिक वाढ. २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ मध्ये व्हायची आहे. तोवर हिवराकाठच्या या शहराचे नियोजन जुन्या आकड्यावर आणि अंदाजावर चालणार. नवा आकडा आला, तरी तो माणसे किती एवढेच सांगेल. त्यांना काय कमी पडते, हे समजायला माणसांनाच विचारावे लागते.

आपला कायदा मात्र आधी जमिनीला विचारतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २५ नुसार, विकास आराखड्यासाठी हद्दीतील जमिनींची पाहणी करून त्यांच्या सध्याच्या वापराचा नकाशा करावा लागतो. रहिवाशांची पाळी कलम २६ मध्ये येते. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात. पण हरकत घ्यायला बहुधा तोच धावतो, ज्याच्या गटावर आरक्षण पडले. भाड्याच्या खोलीत राहणारे, मुलांच्या शिक्षणासाठी खेड्यावरून आलेले कुटुंब किंवा हातगाडीवाला यांच्या नावावर ना सातबारा, ना घरपट्टी. शाळा, दवाखाना, नळ यांची गरज त्यांना सर्वांत जास्त, आणि कागदावर ते सर्वांत कमी दिसतात.

दारोदार जाऊन विचारण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास करून १९१७ मध्ये तो प्रसिद्ध केला. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली आहे, हे त्यातून पुढे आले. मॅन तेवढ्यावर थांबले नाहीत. कुटुंबांचे उत्पन्न आणि कर्जही त्यांनी तपासले. ते गाव आज पिंपरी-चिंचवड महापालिकेत असून तिथे उंच इमारती उभ्या आहेत. पुढे गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचे भाग १९४५ व १९५२ मध्ये आले. १९५६ मध्ये संस्थेने पुण्याच्या फेरपाहणीचा ग्रंथही काढला. एकदा विचारून भागत नाही, शहर बदलले की पुन्हा विचारावे लागते, हा त्यातला धडा.

पाचोऱ्यात हे काम आवाक्यातले आहे. घरटी ५ माणसे धरली, तर २०११ च्या हिशेबाने सुमारे १२,००० घरे होतात. त्यांतले दर तिसावे घर घेतले की ४०० घरे. नमुना नीट निवडला, तर उत्तरांतील फरक शंभरात ९५ वेळा साधारण ५ टक्क्यांच्या आत राहतो. महाविद्यालयातील २० विद्यार्थ्यांना प्रत्येकी २० घरे वाटून देता येतील.

अडचण संख्येची नसून निवडीची आहे. घरपट्टीच्या यादीवरून निघालो, तरी मालकाला न शोधता त्या घरात राहणाऱ्याला विचारावे. फक्त दुपारी गेलो, तर सकाळच्या गाडीने कामावर जाणारे सुटतात. फक्त कर्त्या पुरुषाला विचारले, तर पाणी भरणारी बाई सुटते. छापील प्रश्न शुद्ध मराठीत असला, तरी घरात अहिराणी चालत असेल तर तो अहिराणीतच समजावून सांगावा.

प्रश्नाची घडणही तितकीच महत्त्वाची. 'रस्ता हवा का?' याला नाही कोण म्हणेल? त्याऐवजी दहा कामांची यादी देऊन 'यांतली तीनच निवडा' म्हटले, की खरी निकड कळते. 'पाणी पुरते का?' यापेक्षा 'मागच्या आठवड्यात नळाला किती दिवस पाणी आले?' हे विचारणे बरे. त्याचे उत्तर मोजता येते.

आणि निष्कर्ष वॉर्डावॉर्डांत लोकांसमोर वाचून दाखवावेत, तेही प्रारूप आराखडा छापण्याआधी. एकदा नकाशावर रेषा पडली, की बोलणे फक्त हरकतीचे उरते.