यकृताचा कर्करोग आणि अब्जांश कणांचे औषध

कर्करोग हा शब्द ऐकला की घरातल्या माणसांचा धीर सुटतो. त्यातही तो यकृताचा असेल तर निदान होईपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो. अशा वेळी वर्तमानपत्रात एखादी बातमी येते की, अतिसूक्ष्म कणांच्या साहाय्याने औषध थेट गाठीपर्यंत पोहोचविण्यात शास्त्रज्ञांना यश आले आहे. रुग्णाचे नातेवाईक ते कात्रण जपून ठेवतात आणि हे औषध कोठे मिळेल याची चौकशी करू लागतात. अशा बातमीत आज हाती असलेले किती आणि उद्याची आशा किती, हे आपल्या सभासदांना व विद्यार्थ्यांना कळावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

यकृत व त्याचा कर्करोग

यकृत हा उजव्या बरगड्यांखाली असणारा, प्रौढ माणसात साधारण दीड किलो वजनाचा अवयव होय. अन्नातून आलेल्या पदार्थांवर प्रक्रिया करणे, पित्त तयार करणे, रक्तातील विषारी द्रव्ये निकामी करणे अशी अनेक कामे तो अहोरात्र करीत असतो. यकृताला दोन वाटांनी रक्त मिळते. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून पोर्टल शिरेमार्गे येते व उरलेले यकृताच्या धमनीतून. कर्करोगाची गाठ मात्र आपले पोषण मुख्यतः धमनीतूनच घेते. हा फरक उपचाराच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे.

हा रोग बहुधा आधीच खराब झालेल्या यकृतात होतो. हिपॅटायटिस बी व सी या विषाणूंचा दीर्घकाळचा संसर्ग, दारू, यकृतात साठणारी चरबी आणि बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांत व मक्यात तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष, ही त्याची प्रमुख कारणे होत. म्हणजे डॉक्टरांना एकाच वेळी दोन आजारांशी झुंजावे लागते. गाठ मारायची आहे आणि दुबळे झालेले यकृत जपायचेही आहे. नेहमीची कर्करोगविरोधी औषधे रक्तातून सर्व शरीरभर फिरतात. डॉक्सोरुबिसिन हे असेच एक जुने औषध. ते पेशी मारते, परंतु मात्रा वाढली की हृदयालाही इजा करते. गाठीपुरती मात्रा वाढवावी तर बाकीचे शरीर सोसत नाही, अशी ही अडचण आहे.

कल्पना जुनी, साधन नवे

रोगाच्या जागीच जाऊन काम करणारे, इतरांना धक्का न लावणारे औषध असावे, ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडली. त्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ॲलेक बँगहॅम यांनी मेदाचे अतिसूक्ष्म फुगे पाण्यात आपोआप तयार होतात हे दाखविले. या फुग्यांना लायपोसोम म्हणतात. त्यांच्या पोटात औषध भरता येते. असे डॉक्सोरुबिसिन भरलेले औषध अमेरिकेत १९९५ मध्ये मंजूर झाले. मात्र ते यकृताच्या कर्करोगासाठी नव्हते.

हे कण केवढे असतात? एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी सुमारे ८० हजार नॅनोमीटर भरते, तर हिपॅटायटिस बीचा विषाणू ४२ नॅनोमीटरचा असतो. औषधवाहक कण बहुधा २० ते २०० नॅनोमीटरच्या दरम्यान असतात. म्हणजे ते विषाणूच्या मापाचेच झाले.

गाठीपर्यंत ते दोन रीतींनी पोहोचू शकतात. पहिली रीत गाठीच्या दोषाचा फायदा घेते. गाठीतील रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या असतात व त्यांच्या भिंतींना फटी असतात. त्यातून कण झिरपतात, आणि निचरा नीट नसल्यामुळे तेथेच साठतात. जपानमधील मात्सुमुरा व माएदा यांनी १९८६ मध्ये ही गोष्ट मांडली. दुसरी रीत पत्ता लिहून पत्र पाठविण्यासारखी आहे. यकृताच्या पेशींवर गॅलॅक्टोज ही साखर ओळखून ती आत ओढून घेणारी ग्राहक प्रथिने असतात. कणांवर ही साखर चिकटविली की यकृताची पेशी त्यांना ओळखते व आत घेते. यालाच लक्ष्यवेधी कण म्हणतात.

अडचणी कोठे आहेत?

पहिली अडचण पत्त्याची. गॅलॅक्टोज ओळखणारी प्रथिने निरोगी यकृतपेशींवरही असतात, आणि कर्करोग जितका बिघडलेला तितकी ती गाठीवर कमी होत जातात. ब्रिटनमध्ये गॅलॅक्टोजसारखी साखर जोडलेल्या डॉक्सोरुबिसिनच्या एका मोठ्या रेणूची रुग्णांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध यकृतात पोहोचले हे खरे, पण त्याचा मोठा भाग निरोगी यकृतात गेला. म्हणून आता ग्लायपिकन-३ सारख्या प्रथिनांवर लक्ष आहे. हे प्रथिन या कर्करोगाच्या बहुसंख्य गाठींवर आढळते, प्रौढ माणसाच्या निरोगी यकृतावर जवळजवळ नसते.

दुसरी अडचण पहारेकऱ्यांची. यकृतात कुफर पेशी नावाच्या भक्षक पेशी असतात. रक्तात शिरलेला परका कण पकडून गिळणे हेच त्यांचे काम. त्यामुळे कण यकृतात तर येतात, पण गाठीऐवजी या पेशींच्या पोटात जातात. कणांना पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे आवरण दिले तर ते काही काळ चुकवता येतात, कायमचे नव्हे. टोरोंटो येथील संशोधकांनी दहा वर्षांतील प्राण्यांवरील प्रयोगांचा आढावा घेऊन २०१६ मध्ये दाखविले की, टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोहोचणारा भाग मध्यमानाने अवघा ०.७ टक्के असतो.

तिसरी अडचण म्हणजे उंदरात जे साधते ते माणसात साधेलच असे नाही. डॉक्सोरुबिसिन भरलेल्या 'लिवाटॅग' या कणांची यकृताच्या कर्करोगावर मोठी चाचणी झाली. २०१७ मध्ये निकाल आला, तेव्हा रुग्णांचे आयुष्य तुलनेतील उपचारापेक्षा वाढलेले दिसले नाही. लायपोसोममधून दिल्या जाणाऱ्या 'एमआरएक्स ३४' या औषधाची चाचणी तर गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये थांबवावी लागली. लक्ष्यवेधी कणांचे औषध या रोगाच्या नेहमीच्या उपचारांत अद्याप दाखल झालेले नाही, हे वाचकांनी पक्के ध्यानात ठेवावे.

मग हा मार्ग फसला असे समजायचे काय? तसे नाही. मेदकणांतून यकृतपेशींना औषध देण्याची युक्ती दुसऱ्या एका आनुवंशिक आजारात यशस्वी झाली आणि पॅटिसिरॅन हे औषध २०१८ मध्ये मंजूर झाले. यकृताच्या पेशीपर्यंत पोहोचता येते, हे त्यातून सिद्ध झाले. त्याच यकृतातील रोगट पेशी तेवढी निवडायची, हे काम बाकी आहे.

औषध आले तरी कोणाला मिळेल?

हा प्रश्न विज्ञानाइतकाच महत्त्वाचा आहे. सोराफेनिब ही गोळी या कर्करोगावर २००७ मध्ये मंजूर झाली. मुख्य चाचणीत रुग्णांचे मध्यमान आयुष्य ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर गेले. आपल्या देशात तिचा महिन्याचा खर्च २,८०,४२८ रुपये होता. मार्च २०१२ मध्ये मुंबईत पेटंट नियंत्रकांनी नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना दिला व किंमत महिन्याला ८,८८० रुपयांवर आली. भारतातील हा असा पहिलाच परवाना. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो कायम केला. मूळ औषध तेच, पण एका कायद्याच्या कलमाने ते कितीतरी घरांच्या आवाक्यात आले. उद्या अब्जांश कणांचे औषध निघाले तर हाच प्रश्न पुन्हा उभा राहील. तेव्हा आपल्या मुलांनी औषधशास्त्राबरोबर पेटंटचा कायदाही शिकावा, असे आम्हांला वाटते.

आज आपल्या हाती काय आहे?

लक्ष्यवेधी औषधाची वाट पाहत असताना, रोग होऊच नये यासाठीची साधने आपल्याजवळ आहेत. तैवानने १९८४ मध्ये नवजात बालकांना हिपॅटायटिस बीची लस देण्यास आरंभ केला. पुढे तेथील मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आल्याचे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडेही ही लस २०११ पासून देशभरातील लसीकरणात आहे. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिला डोस मिळाला की नाही, हे घरच्यांनी विचारून घ्यावे. हिपॅटायटिस सीवर लस नाही, पण बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरे होतात. या दोन्ही विषाणूंची तपासणी व उपचार सरकारच्या २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. ज्यांचे यकृत आकसले आहे, म्हणजे सिरॉसिस झाला आहे, त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. गाठ लहान असताना सापडली तर शस्त्रक्रिया, गाठ जाळणे किंवा यकृतरोपण यांनी ती बरी होऊ शकते. दारू सोडावी आणि बुरशी लागलेले शेंगदाणे निवडून फेकून द्यावेत, हे तर सांगायलाच नको.

आपल्या वस्तीत एखाद्या घरी हे दुखणे आले आणि कोणी अब्जांश कणांच्या नावाने महागडे औषध विकू लागले, तर सभासदांनी प्रथम दोनच प्रश्न विचारावेत : हे औषध शासनाने मंजूर केले आहे काय? आणि ही चाचणी असेल तर रुग्णाकडून पैसे का घेता? समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर जमीन गहाण टाकू नये, दागिने मोडू नयेत. रुग्णाला सरकारी वा धर्मादाय कर्करोग रुग्णालयात न्यावे. विद्यार्थ्यांपैकी कोणाला या संशोधनात जायचे असेल तर रसायनशास्त्र, जीवशास्त्र, औषधनिर्माण अशा कोणत्याही वाटेने जाता येते. निरोगी पेशी वगळून रोगट पेशी ओळखणारा पत्ता अजून कोणालाही पक्का सापडलेला नाही. त्या कामाला माणसे हवी आहेत.