ध्वज एक, जकाती निराळ्या

एखादे राष्ट्र व्यापारसंघात सामील झाले, की त्याच्या अंमलाखालील सातासमुद्रापलीकडच्या मुलखांचा मालही आपसूक संघाच्या बाजारात जकातीविना दाखल होतो, ही समजूत चांगल्या जाणत्या मंडळींतही इतकी रूढ आहे, की करारनाम्याची परिशिष्टे चाळण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. आणि खरा निवाडा तर तिथेच झालेला असतो. १ जानेवारी १९७३ रोजी डेन्मार्क युरोपीय आर्थिक समुदायात दाखल झाला, तेव्हा १९४८ पासून स्वशासन उपभोगणारी फेरो बेटे बाहेर राहिली. ग्रीनलंडला मात्र तसा अखत्यार नसल्यामुळे, तिथल्या सुमारे ७० टक्के मतदारांनी विरुद्ध कौल देऊनही, मुकाट्याने आत जावे लागले.

संघ सोडला की बाजारही सुटला, हा याच समजुतीचा दुसरा पदर. १९७९ मध्ये स्वशासन मिळालेल्या ग्रीनलंडने १९८२ च्या सार्वमतात निसटत्या बहुमताने बाहेर पडण्याचे ठरवले आणि १ फेब्रुवारी १९८५ रोजी ते बाहेर पडलेही. तथापि 'संलग्न सागरपार मुलूख' हा दर्जा पदरात पाडून घेतल्यामुळे तिथली कोळंबी नि इतर मासळी युरोपात जकातमुक्तच राहिली. अट एवढीच, की युरोपीय मच्छीमारांना ग्रीनलंडच्या दर्यात मासेमारीची समाधानकारक मुभा असावी. आणि त्या मुभेबद्दल ग्रीनलंडला रोख मोबदला मिळे, तो निराळाच. माझ्या मते इतका फायदेशीर काडीमोड क्वचितच कोणाला साधला असेल.

याउलट फॉकलंड बेटांची अवस्था. ती संघाचा भाग कधीच नव्हती; परंतु ब्रिटन १९७३ मध्ये आत गेल्यावर तोच संलग्न दर्जा त्यांनाही लाभला, आणि तिथले म्हाकूळ, ज्याला बाजारात स्क्विड म्हणतात, स्पेनच्या विगो बंदरात जकातीवाचून उतरू लागले. तो दर्जा बेटांच्या पदरी होता खरा, पण त्याचा आधार ब्रिटनचे सदस्यत्व होते. ब्रिटन बाहेर पडला, त्याने युरोपाशी केलेल्या नव्या व्यापारकरारात सागरपार मुलखांना स्थान मिळाले नाही, आणि १ जानेवारी २०२१ पासून म्हाकुळांवर ६ टक्के, तर काही माशांवर १८ टक्क्यांपर्यंत जकात लागू झाली. २०१६ च्या ज्या सार्वमताने हे घडले, त्यात जिब्राल्टरच्या रहिवाशांना मताधिकार होता. फॉकलंडच्या रहिवाशांना नव्हता.