हाडाने आपलासा केलेला धातू

१९६५ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात यॉस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या खालच्या जबड्यात टायटेनियमचे चार स्क्रू, म्हणजेच इम्प्लांट, बसवले गेले. लार्सन यांचा टाळू जन्मतःच दुभंगलेला, हनुवटी आणि जबड्याची घडणच बिघडलेली, आणि खालचे दात नव्हते. अशा जबड्यावर साधी कवळी टिकणंही अवघड. त्या स्क्रूंच्या आधाराने त्यांना पक्के दात मिळाले. २००६ साली ते वारले, तेव्हा शस्त्रक्रियेला चाळीस वर्षं उलटून गेली होती आणि स्क्रू अजून काम देत होते.

ते बसवणारे पेर-इंगवार ब्रोनेमार्क दंतवैद्य नव्हते. ते शरीररचनाशास्त्राचे अभ्यासक. १९५२च्या सुमारास लुंड विद्यापीठात जिवंत हाडातला रक्तप्रवाह पाहण्यासाठी त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटेनियमची एक चिमुकली खिडकी बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती काढून पुन्हा वापरायची होती, पण निघेना. हाड धातूला थेट भिडून वाढलं होतं. दुसरा कुणी असता तर महागडं उपकरण वाया गेलं म्हणून हळहळला असता. ब्रोनेमार्कांनी मात्र पुढची सगळी उमेद त्या न निघणाऱ्या धातूत गुंतवली. या जुळण्याला त्यांनी ऑसिओइंटिग्रेशन असं नाव दिलं.

दातांच्या जागी धातू बसवायचे प्रयत्न आधीही झाले होते. पण बऱ्याचदा धातूभोवती मऊ पेशीजालाचं वेष्टण तयार व्हायचं, इम्प्लांट हलायला लागायचं आणि शेवटी काढावं लागायचं. त्यामुळे हाड धातूला सरळ धरून ठेवतं हे दंतवैद्यांना पटेना, आणि सांगणारा माणूसही त्यांच्या शाखेबाहेरचा. १९८२ साली कॅनडात टोरांटोला जॉर्ज झार्ब यांनी परिषद भरवली, तिथे स्वीडनमधले वर्षानुवर्षांचे रुग्ण आणि त्यांच्या नोंदी मांडल्या गेल्या, तेव्हा कुठे जगाने मान डोलावली.

टायटेनियमच का? हवा लागताक्षणी या धातूवर ऑक्साइडचा अतिशय पातळ, जेमतेम काही नॅनोमीटरचा थर धरतो. तो गंजत नाही आणि शरीराला खुपत नाही, म्हणून हाडाच्या पेशी त्याच्यापर्यंत येऊन ठेपतात. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू दिसते, तिच्यात इल्मेनाइट असतं, आणि इल्मेनाइट हे टायटेनियमचंच खनिज.

आजचं इम्प्लांट साधारण चार मिलिमीटर जाड आणि दहा-बारा मिलिमीटर लांब असतं. आधी स्कॅन काढून हाडाची उंची-रुंदी मोजतात, कारण खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते आणि वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते. मग हिरडी उघडून ड्रिल लावतात. पहिलं ड्रिल बारीक, मग त्याहून जाड, मग त्याहून जाड. सगळा वेळ सलाइनची धार चालू असते. हाड सुमारे ४७ अंश सेल्सिअसवर मिनिटभर राहिलं तरी त्या जागच्या पेशी मरू शकतात, आणि मेलेलं हाड कशालाच धरत नाही. म्हणून जाणता सर्जन ड्रिल दाबून धरत नाही. थोडं आत, पुन्हा वर, पाणी पोचू दे, पुन्हा आत. टोकाला अडकून आलेला हाडाचा पांढुरका भुगा तो पुसून टाकतो आणि पुढचं ड्रिल घेतो. शेवटी इम्प्लांट आत फिरवताना हाताला जो घट्टपणा लागतो, त्यावरून त्याला पुढच्या महिन्यांचा अंदाज येतो.

त्यानंतरचं काम हाडाचं. ब्रोनेमार्कांच्या मूळ पद्धतीत खालच्या जबड्याला तीन महिने आणि वरच्या, जास्त सच्छिद्र जबड्याला सहा महिने देत. आता इम्प्लांटचा पृष्ठभाग वाळूचा मारा आणि आम्ल वापरून खरबरीत करतात, त्यामुळे हा काळ बराच कमी झाला आहे. काही निवडक रुग्णांना त्याच दिवशी तात्पुरते दातही देता येतात. पण ‘एका दिवसात दात’ अशा पाट्या वाचल्या की मला काळजी वाटते. दात एका दिवसात दिसू लागतील, हाड एका दिवसात जुळत नाही. त्या नाजूक काळात इम्प्लांट पुरेसं स्थिर नसेल आणि त्यावर चावण्याचा भार आला, तर ते कायमचं सैल राहू शकतं.

दुसरी काळजी उलट बाजूची. दात पडला की लोक वर्षानुवर्षं एका बाजूने चावतात आणि जागा रिकामी ठेवतात. तिकडे मुळाचा आधार गेलेलं हाड झिजत जातं. दात काढल्यावर पहिल्या वर्षातच त्या जागेची रुंदी निम्म्यावर येऊ शकते. मग आधी हाड भरा, मग इम्प्लांट, असा खर्च वाढतो. दात काढायच्या दिवशीच पुढचं काय, हे विचारून घ्यावं.

आणि जो दात वाचू शकतो तो वाचवावाच. नैसर्गिक मुळाभोवती तंतूंचं पातळ अस्तर असतं. ते चावण्याचा धक्का सोसतं आणि दातांत केस आला तरी कळवतं. इम्प्लांटला ते अस्तर नाही. म्हणून वर कॅप बसवताना डॉक्टर रंगीत कागद चावायला देतात आणि ती शेजारच्या दातांपेक्षा किंचित हलकी टेकेल अशी घासतात. रूट कॅनल करून टिकणारी दाढ उपटून तिथे इम्प्लांट घालणं मला पटत नाही.

इम्प्लांट किडत नाही, पण भोवतालची हिरडी सुजते, आतून हाड खचतं, आणि दुखत नसल्याने उशिरा कळतं. मधुमेह आटोक्यात नसेल तर जखम भरायला वेळ लागतो. विडी-सिगारेट जुळण्याला मारक आहे. मिश्री किंवा तंबाखू लावण्याची सवय असेल तर ती डॉक्टरांपासून लपवू नये. आपल्याकडे अनेक बायका संकोचाने मिश्रीचं सांगत नाहीत, आणि विचारणाराही घाईत असतो.

एक गोष्ट मात्र आवर्जून मागून घ्या. प्रत्येक इम्प्लांटच्या पाकिटावर कंपनीचं नाव, माप आणि बॅच क्रमांक असलेलं स्टिकर असतं. ते आपल्या फाइलमध्ये चिकटवलेलं हवं. दहा वर्षांनी दुसऱ्या गावी कॅपचा स्क्रू ढिला झाला, तर तो आवळायला त्याच कंपनीचा ड्रायव्हर लागू शकतो. नोंद नसेल तर पाच मिनिटांच्या कामासाठी नव्या डॉक्टरांना एक्स-रे पाहून कंपनी ओळखत बसावं लागतं.