सायकल, पदभ्रमण आणि बलार्ध : लडाखला निघालेल्या रुग्णास काय सांगावे?

पावसाळ्याच्या तोंडावर चिकित्सालयात एक नवाच प्रश्न घेऊन येणारी मंडळी अलीकडे वाढली आहेत. मनालीहून लेहपर्यंत सायकलने जायचे, तेथे सायकल ठेवून मार्खा खोऱ्यात पायी हिंडायचे, असा बेत असतो. मागणी ठरलेली : “वैद्यराज, दम टिकेल असे काहीतरी द्या.” औषधालयाच्या मालकांकडे हीच मंडळी शिलाजिताची डबी मागतात.

काही वर्षांपूर्वी आम्हीही अशा एका गृहस्थांस शिलाजित व अश्वगंधा देऊन निर्धास्तपणे निरोप दिला होता. मुक्कामांची चौकशी केली नाही. सरचू येथे त्यांस रात्री वांत्या व तीव्र शिरःशूल सुरू झाला आणि पहाटे वाहनाने खाली आणावे लागले. ते वाचले, परंतु आमची चूक आम्हांस उमगली. औषध विचारणाऱ्यास आधी वेळापत्रक विचारावयास हवे होते.

सरचूचे स्थान समजून घेण्याजोगे आहे. मनाली सुमारे २,०५० मीटर, जिस्पा ३,२०० मीटर, तर सरचू सुमारे ४,२९० मीटर उंचीवर आहे. जिस्पाहून वाहनाने एका दिवसात सरचू गाठता येते. दमदार सायकलपटूही तसा मोह धरतो. तेथे रात्री प्रकृती बिघडली तर खाली उतरण्यापूर्वी पुन्हा चढावे लागते. मागे फिरावे तर सुमारे ४,८९० मीटरची बारालाचा खिंड, पुढे जावे तर नकी ला आणि त्याहून उंच लाचुंग ला. म्हणून जिस्पानंतर पात्सेओ (सुमारे ३,८०० मीटर) येथे मुक्काम, शक्य तर झिंगझिंगबार येथे आणखी एक, असा क्रम आम्ही आग्रहाने सांगतो. ३,००० मीटरच्या वर निजण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांआड एक विश्रांतीचा दिवस ठेवावा, हा आधुनिक वैद्यकाचा नियम आहे. दिवसा कितीही चढावे. निजावे कोठे, हे महत्त्वाचे.

आपल्या शास्त्रात व्यायाम अर्धशक्तीने करावा असे सांगितले आहे. हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागला, की बलार्ध झाले असे सुश्रुत मानतात. ललाटी स्वेद येणे हे दुसरे लक्षण लडाखच्या कोरड्या वाऱ्यात फसवे ठरते, कारण घाम दिसण्यापूर्वीच वाळून जातो. पहिले मात्र तेथेही खरे उतरते. तांगलांग ला (सुमारे ५,३३० मीटर) येथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून किंचितच अधिक असतो. तेथे साध्या चालीनेही तोंड उघडते. रुग्णाचे बल घरी होते तेवढे तेथे उरलेलेच नसते, आणि अर्धे मोजावयाचे ते त्या उरलेल्या बलाचे. बोलता बोलता चालवता येईल इतक्याच वेगाने सायकल चालवावी, हे सांगितलेले रुग्णास चटकन पटते.

ऋतुचर्येविषयी एक शंका सहकारी काढतात : वर्षा ऋतूत व्यायाम वर्ज्य, मग जुलै-ऑगस्टमध्ये हा उपद्व्याप कसा? परंतु लडाख पर्जन्यछायेत आहे. तेथे देश पाहून ऋतू वाचावा. रुक्ष, शीत, लघु गुणांनी वात वाढतो, म्हणून स्निग्ध, उष्ण आहार, पुरेसे पाणी आणि जानुसंधीस अभ्यंग हे सयुक्तिकच आहे.

सायकलपटूच्या जानुसंधीविषयी आम्ही मुद्दाम सांगतो. पायडल मारताना शरीराचा भार आसनावर असतो. मांड्या बळकट होतात, पण उतरणीवर पावलापावलाला शरीर तोलून धरण्याची सवय त्यांना नसते. मार्खा खोऱ्यातून निमालिंगला (सुमारे ४,८०० मीटर) पोहोचून कोंगमारू ला ओलांडल्यावर जी दीर्घ उतरण लागते, तेथे उत्तम सायकलपटूही गुडघे धरून बसतो. पुणे-नाशिककरांनी निघण्यापूर्वी दोन महिने सिंहगडासारखे किल्ले पाठीवर ओझे घेऊन *उतरण्याचा* सराव करावा. सायकलचे ताठ तळव्याचे बूट पायवाटेवर नेऊ नयेत. सायकलने टप्प्याटप्प्याने लेहला आलेल्यास उंची बरीच सवयीची झालेली असते. विमानाने थेट ३,५०० मीटरवर उतरलेल्याने मात्र निदान दोन दिवस काहीही करू नये.

शिलाजित रसायन आहे, योग्य रुग्णास द्यावेही. पण त्यामुळे एखादा मुक्काम गाळता येतो असे गिऱ्हाइकास सूचित करणे, आमच्या मते, औषधविक्रीच्या मर्यादेबाहेरचे आहे. झोपेची औषधे व मद्य तेथे टाळावे. हृद्रोग, श्वास, पांडू किंवा अनियंत्रित रक्तदाब असल्यास तज्ज्ञांचे मत घेतल्यावाचून संमती देऊ नये.

रुग्णाबरोबर त्याच्या सोबत्यासही आम्ही बोलावतो. शिरःशूलासह अरुची वा हृल्लास असेल तर त्या रात्री वर सरकू नये. विश्रांतीतही धाप व कास, किंवा सरळ रेषेत टाचेपुढे टाच ठेवून चालता न येणे, ही लक्षणे दिसताच रात्र असो वा पहाट, त्यास वाहनात घालून खाली आणावे. बेत कोलमडेल म्हणून संकोच करू नये. सायकल डोलू लागली की रुग्ण वाऱ्यास दोष देतो. त्याचे म्हणणे ऐकू नये, खाली उतरवून चालवून पाहावे.